मे महिना, अकरा माणसं, एक दिवस: पुण्याजवळ कुठे जावं?

तिखटमीठ (२ मे, रात्री ९:४०)

मंडळी, प्रश्न दरवर्षीचाच आहे, पण यंदा गळ्याशी आलंय. पुढच्या आठवड्यात नणंद, तिचे यजमान आणि दोन मुलं नाशिकहून येताहेत. आमच्या घरातले पाच. शिवाय माझी शाळेपासूनची मैत्रीण आणि तिची दहावीची परीक्षा दिलेली लेक. एकूण अकरा. सगळ्यांनी मिळून एक दिवस कुठेतरी जायचंय. एकच दिवस, कारण आमच्या ह्यांना त्याहून जास्त रजा नाही.

आता अटी वाचा आणि हसू नका. सासरे ७८ वर्षांचे, गुडघे दुखतात, पण "मला म्हातारा म्हणून घरी ठेवू नका" हा बाणा. सासूबाईंना देऊळ हवं. नणंदेच्या यजमानांना निसर्ग हवा, म्हणजे नक्की काय ते त्यांनाही सांगता येत नाही. मुलांना (वय १२, ९ आणि ६) पाणी हवं. मैत्रिणीच्या लेकीला रेंज हवी. मला सावली आणि बऱ्यापैकी स्वच्छतागृह हवं. कोथरूडहून दोन तासांच्या आत.

रिसॉर्ट सुचवू नका. गेल्या वर्षी एका ठिकाणी माणशी भरपूर पैसे मोजून पत्र्याच्या शेडखाली बसलो, जेवणाच्या रांगेत पाऊण तास उभे राहिलो आणि रात्री धाकट्याचा कान दुखायला लागला. महाबळेश्वरही नको. मे महिन्यात तो दिवस पसरणीच्या घाटातच संपतो.

उंटावरचा (२ मे, रात्री ९:५२)

गच्चीवर जा. रेंज फुल, स्वच्छतागृह ओळखीचं, सावली संध्याकाळी साडेसहानंतर मिळेल.

घाटवाट (२ मे, रात्री १०:१५)

सिंहगड काय वाईट आहे? अंतर साधारण ३० किमी, गाडी वरपर्यंत जाते, पिठलं-भाकरी, मडक्यातलं दही, देवटाक्याचं गार पाणी. मे महिन्यात टोपलीत करवंदं घेऊन मावश्या बसलेल्या असतात. फक्त पहाटे साडेपाचला निघा आणि दहाच्या आत खाली उतरा. रविवारी चुकूनही नको. घाटात गाड्यांची रांग लागते आणि मग गाडीतच पिकनिक.

सदाशिवपेठी (२ मे, रात्री १०:३१)

सिंहगडाची उंची समुद्रसपाटीपासून १३१२ मीटर, पुणे साधारण ५६०. म्हणजे फरक साडेसातशे मीटरचा. शंभर मीटरला अर्धा-पाऊण अंश धरला तर वर चार-पाच अंश कमी. पुण्यात ३९ असेल तर गडावर ३४-३५. हे ऐकायला बरं वाटतं, पण वर झाडं किती आहेत ते आठवा. दुपारी बारा वाजता तानाजी मालुसऱ्यांच्या समाधीपाशी उभं राहिलं की सगळं भौतिकशास्त्र डोक्यावरून वाहून जातं.

शिवाय वाहनतळापासून पुणे दरवाजापर्यंत पायऱ्या आहेतच. ७८ वर्षांच्या गुडघ्यांना त्या चढताना नाही, उतरताना आठवतात.

मधली सुट्टी (२ मे, रात्री १०:५०)

तिखटमीठ, मी तुझ्या विरुद्ध बोलणार आहे. रिसॉर्टला इतकं नाक मुरडू नकोस. "घरचा डबा, झाडाखाली सतरंजी" हे चित्र फार सुंदर दिसतं. पण अकरा जणांचा डबा कोण करतं? पहाटे साडेतीनला कोण उठतं? आमच्याकडे अशा सहलीला नवरा आणि दीर 'फ्रेश' होऊन गाडीत बसतात आणि मी व जाऊबाई कणकेचे हात धूत धावत येतो. आल्यावर डबे, चादरी, खरकटं पुन्हा आमच्याच वाट्याला. त्यापेक्षा पैसे गेलेले परवडले. निदान ताट कुणीतरी दुसऱ्यानं वाढलेलं असतं.

आजीचा डबा (३ मे, सकाळी ६:०५)

मधली सुट्टी, तुझं खरं आहे गं. पण त्यावर उपाय रिसॉर्ट नाही, उपाय दिराला उठवणं हा आहे.

तिखटमीठ, डब्याचं सांगते. माझी चाळीस वर्षं यात गेली आहेत. मे महिन्यात बटाट्याची भाजी, ओल्या नारळाची चटणी, मोडाची उसळ, आंबेडाळ यातलं काही नेऊ नकोस. सकाळी सहाला भरलेली आंबेडाळ अकराला उघडली की वास सांगतो. टिकतात त्या दशम्या, कारण दुधात भिजवलेल्या असतात आणि मऊ राहतात. तिखटमिठाच्या पुऱ्या (तुझं नावच आहे!), धपाटे, शेंगदाण्याची चटणी, लसणीची चटणी, कच्चा कांदा. दहीभात न्यायचा तर भात दुधात कालवायचा आणि त्यात चमचाभरच विरजण घालायचं. जेवायच्या वेळेपर्यंत बेताचं लागतं. आंबट होत नाही.

हे सगळं आदल्या रात्री होतं. पहाटे फक्त चहा. आणि कैरीचा रस नव्हे, कैऱ्या उकडून गूळ-वेलदोडा घातलेला गर न्यायचा. तिथे पाणी घातलं की पन्हं.

पूर्वी आम्ही पाण्याला छागल न्यायचो. जाड कापडाची पिशवी, गाडीला बाहेरून टांगायची. वाऱ्यानं पाणी असं गार व्हायचं की दात कळकळावेत. आणि फिरकीचा तांब्या. आताच्या मुलांना फिरकीचा तांब्या दाखवला तर चार्जिंग कुठे लावायचं विचारतील.

उंटावरचा (३ मे, सकाळी ८:२०)

काकू, "उपाय दिराला उठवणं हा आहे" हे मी फ्रीजवर चिकटवलंय. बायकोनं. मी दीर आहे.

संत्रानगरी (३ मे, सकाळी ९:११)

३९ ले तुम्ही ऊन म्हणून राहिले? आमच्या नागपुरात ४५ ला लोकं म्हणते, आज जरा बरं आहे. नवतपा (सगळ्यात कडक उन्हाचे नऊ दिवस) अजून लागायचाच आहे. इकडे मे महिन्यात दिवसा सहल हा प्रकारच नाही. एकतर पहाटे अंबाझरी नाहीतर संध्याकाळी फुटाळा. रामटेकला गेलो तर सहाला गडमंदिर, आठला खिंडसीवर चहा, दहाच्या आत घरी कूलरपुढे. वाळ्याच्या ताट्यांवर पाणी मारायचं, आंब्याचा रस प्यायचा, झोपायचं. संध्याकाळपर्यंत माणूस दिसत नाही रस्त्यावर.

त्यातून ज्याले लईच हौस त्यानं ताडोब्याले जावं. सगळे पाणवठे आटलेले असतात म्हणून वाघ उरलेल्या पाण्यावर येते. पण तुमच्या सासऱ्यांना उघड्या जिप्सीत बसवू नका बाप्पा.

रंकाळ्याकाठी (३ मे, सकाळी १०:०२)

काय लावलंय एवढं! या की कोल्हापूरला. पन्हाळा वीस किलोमीटर, वर वारं असतंय भन्नाट, गाडीतनं उतरलं की तीन दरवाजा. संध्याकाळी रंकाळ्यावर भेळ. विषय संपला.

सदाशिवपेठी (३ मे, सकाळी १०:०९)

कोथरूडहून दोन तासांत कोल्हापूर? आपण विमानानं येतो का?

रंकाळ्याकाठी (३ मे, सकाळी १०:११)

आम्ही येतो की तुमच्या मस्तानीसाठी. तेव्हा अंतर दिसत नाही होय?

चष्मा (३ मे, दुपारी १२:४०)

पाणी आणि निसर्ग एकत्र हवं तर भिगवण. सोलापूर रस्त्यानं साधारण १०० किमी, म्हणजे तुमच्या दोन तासांच्या काठावर. उजनी धरणाच्या फुगवट्यावर कुंभारगावातून स्थानिक मच्छीमारांच्या होड्या मिळतात. रोहित म्हणजे फ्लेमिंगो बघायचे तर खरा मोसम जानेवारी ते मार्च-एप्रिल. मे महिन्यात कमी होत जातात, त्यामुळे मुलांना "हजारो गुलाबी पक्षी" असं आधीच सांगून ठेवू नका. वर सावली शून्य आणि होडीत छप्पर नाही.

पण उन्हाळ्यातली एक गंमत आहे. उजनीचं पाणी खूप उतरलं की पळसदेवचं जुनं देऊळ वर येतं. एरवी शिखर तेवढं दिसतं, कधी तेही नाही. गाव उठलं, देऊळ तिथेच राहिलं. तसंच भोरकडे भाटघर धरणाच्या पोटात कांबरे गावचं महादेवाचं देऊळ मे अखेरीस उघडं पडतं. सासूबाईंना देऊळ, मेहुण्यांना निसर्ग, दोन्ही एका जागी. मात्र चिखल वाळलाय का, हे गावकऱ्यांना विचारल्याशिवाय आत उतरू नये.

घाटवाट (३ मे, दुपारी १:३०)

चष्मांनी विषय काढलाच आहे तर हे जरा गंभीरपणे लिहितो.

मुलांना पाणी हवंय म्हणून पानशेत, वरसगाव, मुळशी, भाटघर, खडकवासला यांच्या काठावर उतरवू नका. दर उन्हाळ्यात अशा बातम्या येतात आणि बहुतेक वेळा एकामागोमाग एक जण जातात, कारण पहिल्याला वाचवायला दुसरा उतरतो. धरणाचा काठ हा नदीच्या घाटासारखा नसतो. बुडालेली शेतं, बांध, विहिरी, मातीसाठी केलेले खड्डे सगळं पाण्याखाली असतं. गुडघाभर पाण्यात उभा असलेला माणूस पुढचं पाऊल टाकतो आणि तिथे पुरुषभर खोली असते. वर गाळ. पाय रुततो, माणूस घाबरतो. पोहता येणं इथे फारसं कामाला येत नाही. मी दोनदा शोधकार्यात मदतीला होतो, दोन्ही वेळा काठावर चपला आणि उघडे डबे तसेच पडलेले होते.

दुसरं, आग्या मोहोळ. उन्हाळ्यात कड्यांवर, लेण्यांच्या कपारीत, जुन्या देवळांच्या शिखराखाली पोळी असतात. खाली चूल पेटवली, सिगारेट ओढली, कुणी दगड मारला की संपलं. उग्र अत्तर लावून जाऊ नका. माशा उठल्याच तर तोंड-डोकं झाकून लांब पळायचं, पाण्यात उडी नाही.

तिसरं, वळीव. दुपारी चारला आभाळ भरून आलं तर मोकळ्या माळावर आणि एकट्या झाडाखाली थांबू नका. गाडीत बसा.

आता पुन्हा विनोद चालू करा.

तिखटमीठ (३ मे, दुपारी २:१५)

घाटवाट, मनापासून आभार. पानशेत माझ्या यादीत पहिलं होतं. खोडलं. मुलांना घरीच बादलीत बसवते.

लोकलचा डबा (३ मे, दुपारी ३:००)

मुंबईकर आहे तरी बोलतो. आमच्याकडे बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान आहे, कान्हेरीच्या शंभराहून जास्त लेण्या आहेत. मे महिन्यात बाहेर घामाच्या धारा आणि गुहेत शिरलं की पंखा लावल्यासारखं. दगड रात्रीचा गारवा धरून ठेवतो. तुमच्याकडे भाजे, कार्ले आहेत की! पुणे-लोणावळा लोकलनं मळवली. कार्ल्याच्या चैत्यगृहात छताला दोन हजार वर्षांपूर्वीच्या लाकडी कमानी अजून आहेत. शेजारीच एकवीरा आई, म्हणजे सासूबाईंचंही काम झालं.

मधली सुट्टी (३ मे, दुपारी ३:१२)

पायऱ्या! पायऱ्या! पायऱ्या! प्रश्न वाचा हो दादा.

लोकलचा डबा (३ मे, दुपारी ३:१५)

दिलगीर आहे. लोकलमध्ये उभ्यानं वाचत होतो, "गुडघे" हा शब्द कुणाच्या तरी कोपराखाली गेला.

सदाशिवपेठी (३ मे, संध्याकाळी ६:४०)

माझं म्हणणं, शहर सोडूच नका. आम्ही लहानपणी मे महिन्यात पेशवे पार्कात जायचो, तीच आमची सहल. तिथली छोटी आगगाडी, फुलराणी, १९५६ पासून धावतेय. प्राणी १९९९ मध्ये कात्रजला गेले, पण गाडी राहिली. आज कात्रजचं प्राणिसंग्रहालय मुलांना दिवसभर पुरतं, तिथे ज्येष्ठांसाठी बॅटरीवर चालणारी गाडी असते. फक्त बुधवारी बंद असतं, एकदा मी दारावरून पाहुण्यांसकट परत आलोय.

नाहीतर एम्प्रेस गार्डन. एकोणचाळीस एकर, इतकी गर्द सावली पुण्यात दुसरीकडे नाही. अजस्र वेली झाडांवरून अशा लोंबतात की मुलं खाली उतरायला तयार नसतात. सकाळी आगाखान पॅलेस बघायचा. १९४२ ते ४४ गांधीजी तिथे स्थानबद्ध होते, कस्तुरबा आणि महादेवभाई देसाई तिथेच गेले. समाधीपाशी सासऱ्यांना बसायला बाकडी आहेत. मग एम्प्रेसमध्ये डबा. दुपारी घरी. खर्च रिसॉर्टच्या ताटातल्या लोणच्याएवढा.

सातासमुद्रापार (३ मे, रात्री ११:२०)

न्यू जर्सीतून नमस्कार. इथे उन्हाळी सहल म्हणजे मराठी मंडळाची पिकनिक. पार्कातला मंडप महिनोन्महिने आधी राखून ठेवावा लागतो, शंभर लोकांचे वडे कुणाच्या तरी गॅरेजमध्ये तळतात आणि ठरलेल्या वेळी फक्त आयोजक हजर असतात. जूनमध्ये पुण्याला येतोय. मुलांना काजवे दाखवायचेत. कुठे?

चष्मा (४ मे, सकाळी ७:३०)

मे अखेर ते पहिला दमदार पाऊस पडेपर्यंत. राजमाची, भंडारदरा, पुरुषवाडी. पण रात्रीचा मुक्काम लागतो आणि आता तिथे काजव्यांपेक्षा गाड्यांचे दिवे जास्त दिसतात. जाच, पण टॉर्च मारू नका, झाडाला हात लावू नका, शनिवार टाळा. नर-मादी एकमेकांना प्रकाशानंच शोधतात. आपण फ्लॅश मारला की त्यांचं बोलणंच तुटतं.

उंटावरचा (४ मे, सकाळी ७:४१)

म्हणजे त्यांनाही रेंज जाते.

तिखटमीठ (४ मे, सकाळी ११:००)

घरी मतदान घेतलं. एम्प्रेस गार्डनला दोन मतं (मी आणि सासरे). बाकीच्यांचं म्हणणं, "पुण्यातच राहायचं तर सहल कसली?" नणंदेचा फोनवर प्रश्न: "सासवडला अंजिरं मिळतात ना गं?" ती खाण्यावरून गाव ठरवते.

आजीचा डबा (४ मे, सकाळी ११:२५)

शहाणी आहे.

घाटवाट (४ मे, दुपारी १२:१०)

सासवड चांगलं आहे. बोपदेव घाटानं जा. कऱ्हेकाठचं संगमेश्वर आणि चांगावटेश्वर ही दोन्ही देवळं शांत, जुनी, दगडी, आत गारवा. सोपानकाकांची समाधीही गावातच. मीठा बहाराची अंजिरं मार्च ते मेपर्यंत असतात, पाटीत अंजिराच्याच पानावर मांडून विकतात. पुरंदर किल्ल्यावर गाडी जाते, पण तो लष्कराच्या ताब्यात आहे, ओळखपत्र लागतं. आणि १४ मेच्या आसपास जाणार असाल तर गर्दी धरूनच चाला, त्या दिवशी संभाजी महाराजांची जयंती. १६५७ मध्ये त्यांचा जन्म तिथेच झाला.

सदाशिवपेठी (४ मे, दुपारी १२:३०)

आणि आचार्य अत्र्यांचा जन्म सासवडजवळच्या कोडीतचा. तो मात्र तुम्ही विसरणार. दहा हजार वर्षांत असा विसर पडला नसेल!

अवांतर: बोपदेव घाटातून जाणारच असाल तर एक उलगडा. महाराष्ट्रभर रसवंतीला "कानिफनाथ" किंवा "नवनाथ" हेच नाव का दिसतं? कारण घाट चढून गेल्यावर बोपगावच्या डोंगरावर कानिफनाथांचं ठाणं आहे आणि पुरंदर तालुक्यातल्या माणसांनी हा धंदा गावोगावी नेला. पाऊस कमी, शेती बेभरवशाची, उन्हाळ्यात हाताला काम हवं. जाताना देवाचं नाव घेऊन गेले. चरकाला घुंगरू बांधायचे ते गिऱ्हाईकाला लांबून ऐकू जावं म्हणून. पूर्वी लाकडी चरकाला बैल जुंपलेला असायचा, घुंगरू त्याच्या गळ्यातले.

संत्रानगरी (४ मे, दुपारी १२:५५)

आमच्या सीताबर्डीत पण कानिफनाथच आहे! मी वीस वर्षं समजत होतो की मालकाचं नाव कानिफनाथ आहे. त्याले "काय कानिफभाऊ" म्हणतो मी. तो बी काही बोलत नाही.

मधली सुट्टी (४ मे, दुपारी १:०५)

हसून हसून पुरेवाट. ऑफिसात सगळे बघताहेत.

लोकलचा डबा (४ मे, दुपारी १:२०)

रसात बर्फ घालावा की नाही?

आजीचा डबा (४ मे, दुपारी १:२२)

नाही. बर्फ कुठल्या पाण्याचा असतो देव जाणे. आलं-लिंबू घालून, डोळ्यासमोर ऊस धुवून घ्यायचा.

रंकाळ्याकाठी (४ मे, दुपारी १:३०)

बर्फाशिवाय रस म्हणजे रश्शाशिवाय मिसळ. (पळतो.)

घाटवाट (४ मे, दुपारी २:००)

धागा रसवंतीवर थांबलाय, तोवर एक शेवटचं ठिकाण. नसरापूरचं बनेश्वर. साताऱ्याच्या रस्त्यानं चेलाडी फाट्याला वळायचं, शहरापासून साधारण ३५ किमी. नानासाहेब पेशव्यांनी १७४९ मध्ये बांधलेलं महादेवाचं देऊळ, भोवती खरोखरचं बन. उन्हाळ्यातही ऊन जमिनीपर्यंत पोचत नाही अशी झाडी. दाराशी कुंडं, त्यात मासे. मुलं तासभर तिथून हलत नाहीत. देवळातली घंटा बघा, ती चर्चमधली आहे. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई जिंकली त्या मोहिमेतून आलेली. गाडीपासून फार चालायला नको. धबधबा आहे, पण मे महिन्यात तो नावापुरताच.

तोटे: खेड शिवापूरचा टोल, आणि माकडं.

तिखटमीठ (४ मे, दुपारी २:२०)

देऊळ, झाडी, मासे, फार चालणं नाही. माझ्या सगळ्या अटी एका देवाकडे निघाल्या. मंगळवारी जातोय. मधली सुट्टी, तुझा मुद्दा मी घरी मोठ्यानं वाचून दाखवला. सुकी भेळ आणि पन्हं ही जबाबदारी आमचे हे आणि नंदोई यांच्याकडे दिली आहे. दशम्या मी आणि नणंद आदल्या रात्री करू. खरकटं, चादरी, डबे घासणं याची चिठ्ठी काढणार.

मधली सुट्टी (४ मे, दुपारी २:३१)

चिठ्ठ्यांमध्ये सगळ्यांची नावं असतील याची खात्री कर. मी अनुभवातून बोलते.

तिखटमीठ (१४ मे, रात्री १०:३०)

वृत्तांत द्यायचा राहिला होता. उशिराबद्दल क्षमस्व.

पाचला निघायचं ठरलं होतं, सहा वाजून दहा मिनिटांनी निघालो. कारण लिहीत नाही, सासूबाई हा धागा वाचतात. बारा सीटची गाडी भाड्यानं घेतली, तो सगळ्यात शहाणा निर्णय ठरला. दोन गाड्या केल्या असत्या तर दोन सहली झाल्या असत्या.

साडेसातला पोचलो तेव्हा बनात आम्ही आणि झाडणारे एक काका, बस्स. खरंच गार होतं. शाल आणली नाही म्हणून सासूबाई माझ्यावर रागावल्या, मे महिन्यात! मुलं कुंडापाशी चिकटली. धाकट्यानं सगळ्या माशांना नावं ठेवली आणि मग कुठला कोण यावर भांडण. नंदोई "निसर्ग, निसर्ग" म्हणत सतरंजीवर आडवे झाले ते नऊपर्यंत.

सासरे घंटेपाशी बराच वेळ उभे होते. त्यांना वाटलं मी ऐकत नाहीये, पण ते मैत्रिणीच्या लेकीला सांगत होते की १९६५ च्या सुमारास ते मित्रांबरोबर सायकलवरून इथे आले होते. कात्रजचा जुना घाट सायकल ढकलत चढले, येताना एकाच्या सायकलचा ब्रेक गेला तेव्हा त्याला मागून धोतरानं बांधून उतरवला. लग्नाला अठरा वर्षं झाली, ही गोष्ट मी पहिल्यांदा ऐकली. आमच्या ह्यांनीही. त्या मुलीनं फोन काढला तो त्यांचं बोलणं रेकॉर्ड करायला. मग त्यांना सोबत्यांची नावं आठवेनात तेव्हा दोघं बाकावर बसून एकेक आठवत होते. चारांपैकी तीन आठवली.

दशम्यांचा एक डबा माकडानं नेला. उघडून, चटणी बाजूला ठेवून. आजीचा डबा, चटणी जरा तिखट झाली असावी.

भेळ उत्तम. पन्ह्यात ह्यांनी गुळाच्या आधी मीठ दोनदा घातलं, आम्ही सगळ्यांनी ते "इलेक्ट्रॉल" म्हणून प्यायलो. अकराला निघालो. परतीच्या वाटेवर रसवंती दिसली. मी मुद्दाम उतरून मालकांना विचारलं, "तुम्ही बोपगावचे का?" म्हणाले, "नाही, बीड." पाटीवर नाव वगैरे काही नव्हतं, नुसतं "थंडगार".

सदाशिवपेठी (१४ मे, रात्री १०:४१)

पाटीवर नाव नसेल तर तो पुरावा धरता येत नाही.

संत्रानगरी (१४ मे, रात्री १०:४८)

मी कानिफभाऊले विचारलं काल. त्याचं नाव संतोष आहे. पण म्हणे तुम्ही कानिफच म्हणत जा, आता सवय झाली.

मधली सुट्टी (१४ मे, रात्री १०:५५)

चिठ्ठीत डबे कुणाला आले?

तिखटमीठ (१४ मे, रात्री ११:०२)

नंदोईंना. त्यांनी घासले. पाच डबे आणि एक तवा. तवा का नेला होता ते कुणालाच माहीत नाही.

आजीचा डबा (१५ मे, सकाळी ६:००)

माकडानं दशमी खाल्ली म्हणजे मऊ झाली होती. चटणीत गूळ कमी पडला. चौथ्या मित्राचं नाव आठवलं का गं सासऱ्यांना?

तिखटमीठ (१५ मे, सकाळी ९:१५)

काल रात्री दोन वाजता आठवलं. सासूबाईंना उठवून सांगितलं. सकाळी त्या मुलीला फोन करून पुन्हा सांगितलं. आता म्हणताहेत जूनमध्ये पुन्हा जाऊ, त्या मित्राला घेऊन. ते हडपसरला असतात, वय ८०, आणि त्यांचे गुडघे म्हणे ह्यांच्याहून बरे आहेत.

उंटावरचा (१५ मे, सकाळी ९:१८)

सायकलनं?